सॅम्युएल बी. रॉबर्ट्स: एका कॉक्सनचं नाव आणि त्या नावाच्या तीन युद्धनौका

तुमच्या विचारण्यात तीन प्रश्न आहेत. अमेरिकी नौदलाने एका साध्या खलाशाचं नाव एकामागून एक तीन युद्धनौकांना दिलं, तो कोण होता आणि त्या नौकांचं पुढे काय झालं? त्यातली तिसरी १९८८ मध्ये सुरुंगावर जाऊन कणा (म्हणजे जहाजाच्या तळाची मुख्य तुळई) मोडूनही बुडाली कशी नाही? आणि आपल्याकडे अशी पद्धत आहे का? माझी नोकरी नौदलात इंजिनरूममध्ये गेली आणि पुढे लोणावळ्याला डॅमेज कंट्रोल, म्हणजे जखमी जहाज आग-पाण्यापासून वाचवण्याचं काम, शिकवण्यात. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सॅम्युएल बुकर रॉबर्ट्स, ज्युनियर. जन्म १९२१, सॅन फ्रान्सिस्को. हुद्दा कॉक्सन, म्हणजे बोटीच्या सुकाणूवरचा माणूस; आपल्या कोकणातला तांडेल म्हणा. सप्टेंबर १९४२ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटावर मातानिकाऊ नदीच्या पलीकडे अमेरिकी मरीन सैनिकांची एक तुकडी जपान्यांच्या घेऱ्यात अडकली. सुटकेची वाट उरली फक्त समुद्राची. २७ तारखेला हिगिन्स बोटी किनाऱ्याकडे निघाल्या. या बोटी प्लायवूडच्या आणि सपाट तळाच्या. वाळूला टेकवून माणसं उतरवायला उत्तम, पण मशिनगनच्या गोळ्या त्या अडवू शकत नाहीत. किनाऱ्यावरून मारा इतका होता की माणसं चढवणं अशक्य झालं. तेव्हा रॉबर्ट्सने आपली बोट मुद्दाम जपानी फळीच्या समोरून नेली, म्हणजे गोळीबार तिच्याकडे वळेल आणि बाकीच्यांना वेळ मिळेल. काम जवळपास संपत आलं असताना त्याच्या बोटीला फटका बसला. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय एकवीस. मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला. त्याच चकमकीत तटरक्षक दलाचा डग्लस मन्रो हाही मारला गेला. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेला त्या दलाचा तो आजवरचा एकमेव माणूस, आणि त्याच्याही नावाने जहाजं झाली.

त्या काळात अमेरिकेत डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट जातीच्या छोट्या युद्धनौका शेकड्यांनी बांधल्या जात होत्या. विनाशिकांना नौदलातल्या वीरांची नावं द्यायची पद्धत आधीपासूनच होती, पण इतक्या नौकांना जुने ॲडमिरल कुठून पुरणार? मग ताज्या लढायांत पडलेल्या खलाशांची, वैमानिकांची नावं घेतली गेली. जलावतरणाला बाटली फोडायला त्यांच्या आया, बायका, बहिणी येत. टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या ब्राउन कंपनीच्या गोदीत २० जानेवारी १९४४ ला 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' पाण्यात उतरली, तेव्हा तिथे रॉबर्ट्सची आई होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तळ घातलेली नौका जानेवारीत पाण्यात आणि २८ एप्रिलला सेवेत. गोदीत काम केलेल्या कुणालाही हा वेग विचारा, तो आधी विश्वास ठेवणार नाही.

नौका लहान होती. लांबी ३०६ फूट, पाच इंची तोफा दोन, टॉर्पेडो तीन, वेग कागदावर २४ नॉट. काम ताफ्यांना पाणबुड्यांपासून जपायचं. मोठ्या जहाजांशी तोफांची लढाई या नौकांकडून कुणालाच अपेक्षित नव्हती. कप्तान रॉबर्ट कोपलँड पेशाने वकील, राखीव दलातून आलेला.

२५ ऑक्टोबर १९४४ ची सकाळ. फिलिपिन्समध्ये सामार बेटाच्या पूर्वेला 'टॅफी ३' नावाचा गट होता: सहा छोट्या विमानवाहू नौका, तीन विनाशिका, चार डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट. अमेरिकी ॲडमिरल हॅल्सीचा मोठा ताफा जपानी विमानवाहूंच्या मागे उत्तरेला गेला होता. आणि क्षितिजावर आला तो जपानी ॲडमिरल कुरिताचा मुख्य ताफा: 'यामातो'सह चार बॅटलशिप, सहा जड क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका. एकट्या 'यामातो'चं वजन टॅफी ३ मधल्या सगळ्या जहाजांच्या एकत्रित वजनाच्या आसपास जात होतं.

कोपलँडने स्पीकरवरून खलाशांना खरी परिस्थिती सांगितली. यातून वाचण्याची आशा धरू नका, जमेल तेवढं नुकसान करू, असा त्याचा सूर होता. या भाषणाचा खूप उदोउदो होतो आणि तो रास्तही आहे. पण माझा जीव अडकतो तो खाली इंजिनरूममध्ये. तिथल्या लोकांनी बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बेदखल केले आणि दर चौरस इंचाला ४४० पौंडांच्या दाबासाठी बनवलेल्या यंत्रणेत ६६० च्या पुढे वाफ चढवली. नौका २८.७ नॉटवर गेली. हे आकडे वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. दाब दीडपट. पाइपच्या एखाद्या जोडाला बारीक भेग असती, तर तिथून निघालेली वाफ दिसलीही नसती. अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही, फक्त आवाज येतो. जुने लोक अशी गळती शोधायला पुढे झाडू धरून चालायचे आणि झाडूच्या काड्या तुटल्या की तिथे थांबायचे. शांततेच्या काळात हे कुणी केलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं आणि मीही त्याच्या बाजूने बोललो नसतो. त्या सकाळी मात्र हिशोब वेगळा होता.

धुराच्या पडद्याआडून ती 'चोकाई' या जपानी क्रूझरच्या इतकी जवळ गेली की क्रूझरच्या तोफा तेवढ्या खाली वाकू शकत नव्हत्या. तिन्ही टॉर्पेडो सोडले. त्यातला एक लागला की नाही यावर अजून वाद आहे, त्यात मी पडत नाही. पुढच्या साधारण तासाभरात दोन तोफांनी मिळून ६०८ गोळे झाडले. पाठीमागच्या तोफेचा प्रमुख पॉल हेन्री कार, गनर्स मेट थर्ड क्लास. प्रत्येक गोळ्यानंतर नळीतले जळते वायू बाहेर फुंकणारी दाबाची हवा बंद पडली. अशा वेळी नियम एकच: तोफ थांबवा, कारण तापलेल्या नळीत पुढची दारू भरताच पेटू शकते. कारच्या लोकांनी ती हातानेच भरत ठेवली. कोठारातले तीनशेहून जास्त गोळे संपत आले असताना व्हायचं ते झालं, दारू आतच फुटली. मदतीला आलेल्यांना कार सापडला तो प्राणांतिक जखमी, हातात चोपन्न पौंडांचा शेवटचा गोळा, आणि तो एवढंच म्हणत होता की हा भरायला मदत करा.

नऊच्या सुमारास 'कोंगो' या जपानी बॅटलशिपचे चौदा इंची गोळे बसले. जहाजाच्या बाजूला चाळीसेक फूट लांबीचं भगदाड पडलं, मागची इंजिनरूम गेली. ९.३५ ला कोपलँडने नौका सोडायचा हुकूम दिला, दहाच्या सुमारास ती बुडाली. सुमारे नव्वद जण गेले. वाचलेले एकशे वीस जण पन्नास तास तराफ्यांना धरून पाण्यात होते. मदत वेळेवर पाठवली गेली नाही, ही त्या लढाईतली लाज वाटावी अशी गोष्ट. कुरिता मात्र परत फिरला. समोर मोठा ताफा आहे असं त्याला वाटलं, आणि तसं वाटायला या चिमुकल्या नौकांचा हल्ला हे एक मोठं कारण होतं. जून २०२२ मध्ये खोल समुद्राचा शोधक व्हिक्टर वेस्कोव्होच्या पाणबुडीला तिचे अवशेष जवळपास ६,९०० मीटर खोलीवर सापडले. तोवर इतक्या खोलवर कुठल्याही जहाजाचे अवशेष सापडले नव्हते.

दुसरी 'रॉबर्ट्स' थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं कमी आहे आणि खलाशांच्या दृष्टीने हेच उत्तम नशीब. गिअरिंग जातीची विनाशिका, क्रमांक डीडी ८२३. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरली, १९४६ च्या अखेरीस सेवेत आली. बाटली पुन्हा रॉबर्ट्सच्या आईनेच फोडली. भूमध्य समुद्रातल्या फेऱ्या, अटलांटिकमधले सराव, मध्ये व्हिएतनामचा पट्टा. १९७० मध्ये निवृत्त आणि पुढच्या वर्षी नेमबाजीचं लक्ष्य म्हणून पोर्तो रिकोजवळ बुडवली.

आता तिसरी. क्रमांक एफएफजी ५८, ऑलिव्हर हझार्ड पेरी जातीची फ्रिगेट, मेन राज्यातल्या बाथ आयर्न वर्क्सने बांधलेली. १२ एप्रिल १९८६ ला सेवेत. वजन ४,१०० टन, दोन गॅस टर्बाइन, पण पाण्यातला पंखा (प्रोपेलर) एकच. याच जातीच्या एका फ्रिगेटला कोपलँडचं आणि दुसरीला पॉल कारचं नाव होतं. म्हणजे सामारच्या त्या एका सकाळचा कप्तान, तोफची आणि ते ज्याच्यावर लढले ते जहाज, तिघांची नावं पुन्हा एकाच जातीच्या नौकांवर. ('कोपलँड' पुढे इजिप्तच्या नौदलात गेली.)

पहिला कप्तान कमांडर पॉल रिन. याने एक गोष्ट केली जी फार कप्तान करत नाहीत. नाव रंगवून सोडून दिलं नाही. पहिल्या जहाजाच्या वाचलेल्या खलाशांना त्याने जोडून घेतलं, आणि त्या जहाजावरच्या सगळ्यांची नावं कोरलेला पितळी फलक येण्या-जाण्याच्या वाटेवर लावला. नवीन आलेल्या पोराला त्यातलं कोण काय करत होतं ते माहीत असायला हवं, हा आग्रह. त्याच्याच जोडीला डॅमेज कंट्रोलचा सराव इतका की लोक वैतागले असणार. सरावाच्या वेळी डोळ्यांवर पट्टी बांधून जहाजात वाट काढायला लावणं वगैरे बाहेरच्याला खेळ वाटतो. दिवे गेल्यावर आणि धूर भरल्यावर त्याचा अर्थ कळतो.

१९८८ ला इराण-इराक युद्ध चालू होतं. कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकी झेंडा लावून त्यांना संरक्षण देण्याच्या कामावर ही नौका होती. वर्षभरापूर्वी याच जातीच्या 'स्टार्क'वर इराकी विमानाची दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं बसून ३७ माणसं गेली होती. १४ एप्रिलला दुपारी, कतारच्या ईशान्येला, टेहळ्याला पाण्यावर तीन सुरुंग दिसले. रिनने नौका थांबवली. आल्या वाटेने, स्वतःच्याच फेसाळ मागावरून उलटं निघायचं ठरवलं, कारण तेवढी वाट तरी सुरुंगांवाचून पार झालेली होती. पण एक पंखा आणि उलटी चाल. जहाज रेषेत ठेवणं भयंकर कठीण. पाचला दहा मिनिटं असताना न दिसलेला चौथा सुरुंग तळाशी फुटला.

सुरुंगाचा नमुना १९०८ सालचा. रशियात ऐंशी वर्षांपूर्वी आखलेला, साखळीने तळाशी बांधायचा, शिंगांचा गोळा. आत सुमारे ११५ किलो स्फोटक. त्याने तळाला सुमारे पंधरा फुटांचं भोक पाडलं, दोन्ही टर्बाइन बैठकीवरून उखडले, इंजिनरूम आणि तिच्या शेजारचा यंत्रकक्ष भरला, कणा मोडला आणि आगीचा लोळ धुराड्यातून वर गेला.

इथे तुमचा 'बुडाली कशी नाही' हा प्रश्न. जहाज तळाला भोक पडलं म्हणून बुडत नाही. ते बुडतं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं म्हणून. या जातीच्या नौकेला दोन मोठे कप्पे भरलेले पेलतात. तिसरा भरला की खेळ संपला. आणि तिसऱ्या कप्प्याची, म्हणजे पुढच्या यंत्रकक्षाची, भिंत चिरली होती. तिथून पाणी येत होतं. त्या पाच तासांत दहा गोष्टी चालल्या होत्या, पण माझ्या मते जहाज वाचलं ते त्या एका भिंतीवर.

अशी भिंत कशी धरतात ते सांगतो. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर गोवा शिपयार्डने बांधलेला सिम्युलेटर आहे. त्यातले कप्पे जहाजासारखे हलतात, दिवे जातात, भिंतीतल्या फटींतून खरं पाणी दाबाने येतं आणि लोणावळ्याचं पाणी गार असतं. नवखी पोरं सगळ्यात आधी काय करतात? फट हाताने दाबून धरतात. माणूस तिथेच अडकतो आणि पाणी बोटांमधून येतच राहतं. मग शिकतात: मऊ लाकडाची खुंटी कापडात गुंडाळून फटीत ठोका, लाकूड भिजून फुगतं आणि घट्ट बसतं. लांब चिरेला उशी, घोंगडी, जे असेल ते, त्यावर फळी. मग फळीला टेकू. टेकूचं माप घेऊन लाकूड अर्धा इंच आखूड कापायचं, उरलेल्या जागेत दोन पाचरी समोरासमोरून एकाच वेळी ठोकायच्या. एक आधी ठोकली की टेकू सरकतो. टेकूची लांबी त्याच्या जाडीच्या तीसपटीपेक्षा जास्त नको, नाहीतर दाबाखाली धनुष्यासारखा वाकतो. आणि सगळं झालं की तिथून जायचं नाही. जहाज हलतं, पाचरी सैल होतात, दर थोड्या वेळाने हातोडी घेऊन परत यायचं. कमरेभर पाण्यात, अंधारात, डिझेलच्या वासात. 'रॉबर्ट्स'च्या लोकांनी तिसऱ्या कप्प्यात हेच केलं.

दुसरी अडचण आगीची. आग विझवायला जे पाणी मारता ते जहाजातच राहतं. एक घनमीटर म्हणजे टनाहून जास्त वजन, तेही वरच्या डेकवर, आणि हलणारं. जहाज जिकडे झुकेल तिकडे ते धावतं आणि झुकणं वाढवतं. आग विझवता विझवता जहाज उलटल्याची उदाहरणं आहेत. त्यामुळे पाणी किती टाकायचं आणि कधी थांबायचं, हा निर्णय कप्तानाच्या डोक्यावर टांगलेला असतो. पुस्तकात त्याचं सूत्र आहे; त्या वेळी सूत्र बघायला कुणाला फुरसत नसते, ते आधीच अंगात असावं लागतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात विलक्षण वाटते. कणा मोडल्यावर जहाजाचे दोन तुकडे जोडून ठेवतं कोण? वरचा डेक आणि त्यावरची बांधणी. पण या जातीच्या नौकांची वरची बांधणी ॲल्युमिनियमची, आणि प्रत्येक लाटेबरोबर तिच्यातली भेग उघडत-मिटत होती. खलाशांनी पोलादी दोर भेगेच्या दोन्ही बाजूंना अडकवून ताणले. फाटलेलं पोतं सुतळीने शिवतात तशी फ्रिगेट शिवली.

या धावपळीत जाता-येता खलाशी त्या पितळी फलकाला हात लावून जात होते, हे रिनने पुढे सांगितलं आहे. मी श्रद्धाळू माणूस नाही. फलकाने जहाज वाचवलं असं मी म्हणणार नाही. पाचरींनी वाचवलं. पण पाचरी ठोकणाऱ्या पोराला त्या वेळी बोटीत उतरून जावंसं वाटलं नाही, आणि ते का, याचं उत्तर पाचरीत सापडत नाही.

एकही माणूस गेला नाही. दहा जणांना हेलिकॉप्टरने हलवलं, त्यातले चार गंभीर भाजलेले. रडार आणि क्षेपणास्त्राचा लाँचर सगळा वेळ चालू होता. मुख्य पंखा निकामी, तरी पुढच्या बाजूला तळातून खाली सोडायच्या दोन छोट्या विजेच्या मोटारी असतात, बंदरात वळताना वापरायच्या. त्यांच्यावर नौका हळूहळू सुरुंगांतून बाहेर आली.

१८ एप्रिलला अमेरिकेने बदला घेतला, 'ऑपरेशन प्रेइंग मँटिस'. इराणचे दोन तेलमंच उद्ध्वस्त झाले, 'सहंद' फ्रिगेट आणि 'जोशन' ही क्षेपणास्त्र नौका बुडाली, 'सबलान' पांगळी झाली. अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर पडून दोघे गेले. आदल्या सप्टेंबरमध्ये पकडलेल्या 'इराण अज्र' जहाजावरच्या सुरुंगांच्या क्रमांकांशी इथल्या सुरुंगांचे क्रमांक जुळतात, हा अमेरिकेचा पुरावा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ मध्ये तो पुरावा जोरदार सूचक आहे पण निर्णायक नाही असं म्हटलं, तेलमंचांवरचा हल्ला स्वसंरक्षणात बसत नाही असंही म्हटलं, आणि तरीही इराणची नुकसानभरपाईची मागणी फेटाळली. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं सांगायला मोकळीक ठेवणारा निकाल.

नौका दुबईला ओढून नेली, तात्पुरतं ठिगळ लावलं. मग 'मायटी सर्व्हंट २' या डच जहाजाने तिला चक्क पाठीवर घेतलं. हे जहाज स्वतः पाण्यात अर्धं बुडतं, ओझं वर तरंगत आणलं की पुन्हा वर येतं. अशी ती ऱ्होड आयलंडला पोचली, तिथून मेनला. दुरुस्तीत तुकड्या-तुकड्याने पत्रे बदलत बसले नाहीत. खराब झालेली इंजिनरूमच कापून काढली आणि बाहेर तयार केलेला ३१५ टनांचा नवा भाग खालून वर उचलून वेल्ड केला. खर्च सुमारे नऊ कोटी डॉलर, नवीन नौकेच्या किमतीच्या मानाने स्वस्तच. १९८९ मध्ये ती पुन्हा समुद्रात गेली, १९९१ च्या आखाती युद्धात पुन्हा कामाला लागली आणि २२ मे २०१५ ला फ्लोरिडातल्या मेपोर्टला निवृत्त झाली.

राहिला आपला प्रश्न. भारतीय नौदल युद्धनौकांना सहसा माणसांची नावं देत नाही. नद्या, शहरं, राज्यं, शस्त्रं, प्राणी अशी नावं असतात; शिवाजी, आंग्रे ही नावं किनाऱ्यावरच्या तळांना. व्यक्तीऐवजी जहाजाचं नाव पुढे चालवायची आपली रीत. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि आणखी १९३ जण तिच्याबरोबर गेले. पुढे माझगाव डॉकने बांधलेल्या एका कॉर्व्हेटला, म्हणजे छोट्या युद्धनौकेला, तेच नाव मिळालं. ती १९८९ मध्ये सेवेत आली, २०२१ अखेर निवृत्त झाली आणि आता दीवलाच ठेवली आहे. माणसांची नावं द्यायचं काम एकदा शिपिंग कॉर्पोरेशनने केलं. ऐंशीच्या दशकात आपल्या कच्च्या तेलाच्या पंधरा टँकरना त्यांनी परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. त्यात मेजर सोमनाथ शर्मा होते, लान्स नाईक अल्बर्ट एक्का होते आणि कारवारकडचे रामा राघोबा राणेही होते. राणे तर तेव्हा हयात होते.